हार्वर्डची दारे आणि बदलत गेलेली 'गुणवत्ता'

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया ही अमेरिकन विद्यापीठे गुणवत्तेची शिखरे मानली जातात. पण तिथल्या प्रवेशाचे निकष गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले. ते कोणासाठी बदलले, हे समजून घेणे गरजेचे आहे.

परीक्षेतून प्रवेश

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रवेश मुख्यतः लेखी परीक्षेवर होत असे. बहुतेक विद्यार्थी सुखवस्तू प्रोटेस्टंट घराण्यांतले आणि खासगी शाळांत शिकलेले असत. मात्र पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतील मुले सरकारी शाळांत शिकून हीच परीक्षा उत्तीर्ण होऊ लागली. १९२२ पर्यंत हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे २१ टक्के झाले.

निकष बदलले

हार्वर्डचे अध्यक्ष ए. लॉरेन्स लॉवेल यांनी १९२२ मध्ये ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा विचार मांडला. त्यावर गदारोळ झाला आणि १९२३ मध्ये प्राध्यापकांच्या समितीने उघड मर्यादा नाकारली. मग वेगळा मार्ग निघाला. अर्जात धर्म, आईचे माहेरचे आडनाव आणि वडिलांनी नाव बदलले आहे का, हे विचारले जाऊ लागले. १९२६ पासून 'चारित्र्य' आणि व्यक्तिमत्त्वाला महत्त्व देऊन अर्जासोबत छायाचित्रही मागितले गेले. १९२५ मध्ये प्रथम वर्षात पाव हिश्श्याहून अधिक असलेले ज्यू विद्यार्थी पुढे सुमारे १५ टक्क्यांवर आले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात पदव्युत्तर शिक्षण घेत होते. त्यानंतर काही वर्षांतच कोलंबियाच्या पदवी महाविद्यालयानेही ज्यू मुलांची संख्या कमी केली. १९२८ मध्ये ब्रुकलिनमध्ये सेथ लो ज्युनिअर कॉलेज काढून अनेक ज्यू मुलांना तिकडे वळवण्यात आले. पुढे विज्ञानकथाकार म्हणून गाजलेले आयझॅक असिमोव्ह त्यांपैकीच एक.

घराण्याचा वारसा

याच काळात, १९२५ मध्ये, येलने ठरवले की किमान अट पूर्ण करणाऱ्या माजी विद्यार्थ्याच्या मुलाला जागा मर्यादित आहेत म्हणून नाकारायचे नाही. ही वारसा-सवलत अनेक विद्यापीठांत रुजली. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात २०१८ मध्ये उघड झालेल्या आकडेवारीनुसार, अशा वारसदार अर्जदारांपैकी सुमारे ३३ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. एकूण अर्जदारांत हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते.

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच खटल्यात वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांना तिचा आधार होता. वारसा-सवलतीला मात्र या निकालाने धक्का लागला नाही.

आपल्याकडेही आरक्षणाचा विषय निघाला की गुणवत्तेचा मुद्दा लगेच पुढे केला जातो. तेव्हा ही गुणवत्ता कोणी ठरवली आणि मुलाखत, शिफारस, देणगी यांतून कोणाला आत घेतले जाते, हेही विचारले पाहिजे. घराण्याच्या नावावर मिळणाऱ्या जागेला कोणी आरक्षण म्हणत नाही.