गोष्ट जपानी, भाषा इंग्रजी

जपानी रोल-प्लेइंग गेममध्ये काय आवडतं? गोष्ट, संगीत, हळूहळू जीव लावणारे सवंगडी. काय नकोसं होतं? चार पावलं चाललं की लढाई आणि न संपणारे संवाद.

नेदरलँड्समध्ये आणखी एक रड होती. जपानमध्ये १९९५ साली आलेला ‘क्रोनो ट्रिगर’ तेव्हा युरोपात आलाच नाही. जपानी टीव्ही ६० हर्ट्झचे, इथले ५०चे. म्हणून जे गेम आले त्यातले बरेच रेंगाळत चालायचे. १९९७ साली ‘फायनल फँटसी ७’ युरोपात आला तो इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशमध्ये. डच नव्हतीच! मग इथली पोरं ते लांबलचक संवाद बहुधा इंग्रजीतच वाचत बसली.

घरी मराठी, शाळेत डच, गेममध्ये इंग्रजी: तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. कंटाळवाणे वाटणारे ते संवादच कित्येकांची इंग्रजीची शिकवणी ठरले.