घरगुती विद्युत्‌भार
घरातील समस्त उपकरणांच्या वॅटमधील बेरजेस जोडभार म्हणतात. वीजजोडणीच्या अर्जात तो नमूद होऊन त्यावरून मंजूर भार मुक्रर होतो. महावितरणच्या पुरवठाक्षेत्रातील खापर (तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार) येथील एखाद्या घरात, समजा, ६ दिवे (६० वॅट), ३ पंखे (२२५), दूरचित्रवाणी (१००) व शीतकपाट (२००) असल्यास जोडभार ५८५ वॅट भरतो. मात्र अर्ध्या अश्वशक्तीचा पंप येताच हिशेब पालटतो, कारण ३७३ वॅट ही त्याच्या दंडावरील निष्पत्ती असून, कार्यक्षमतेतील घट धरता, तो तारांतून सुमारे ६०० वॅट ओढतो, आणि सुरू होताना त्याचा प्रवाह क्षणभर कित्येक पट चढतो. ही बाब अर्जात सुटता कामा नये. एकूण ११८५ वॅट म्हणजे २३० व्होल्टवर, शक्तिगुणांक १ धरल्यास, सुमारे ५.२ अँपिअर, पंपामुळे प्रत्यक्ष प्रवाह याहून अधिक असतो.