बुळकांडी: लस आली, तरी रोग ५० वर्षं का राहिला?

आज गोष्ट एका संपलेल्या रोगाची. घरी कुणी जुनं शेतकरी माणूस असेल तर विचारून बघा, 'बुळकांडी' माहितीय का?

बुळकांडी म्हणजे गुरांचा प्लेग. ताप, तोंडात व्रण, मग हगवण, आणि थोड्याच दिवसांत गोठा रिकामा. बैल गेला की नांगर थांबला. १८९० च्या दशकात हा रोग आफ्रिकेत पसरला, तेव्हा काही भागांत दहातली आठ-नऊ गुरं मेली. इथिओपियात तर भीषण दुष्काळ पडला.

भारतात इंग्रज सरकारनं गुरांच्या रोगांवर संशोधनासाठी १८८९ मध्ये आपल्या पुण्यात प्रयोगशाळा काढली. पण भरवस्तीजवळ असे जंतू ठेवणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. तिथं १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी शेळ्यांमध्ये विषाणू वाढवून लस बनवली. पुढे १९६० च्या सुमारास केनियात वॉल्टर प्लोराईट यांनी त्याहून सुरक्षित लस शोधली.

मग विषय संपला? नाही ना! लस थंड ठेवावी लागायची आणि गुरं होती रणरणत्या माळावर. तिथं फ्रीज कुठून आणणार? आफ्रिकेत मोठी मोहीम झाली, रोग जवळपास गेला, मोहीम थंडावली आणि तो परत आला.

शेवटी दोन गोष्टींनी काम झालं. एक, उष्णतेत टिकणारी लस. दुसरी, पशुपालकांनाच लस टोचायला शिकवणं. आजारी कळप कुठंय, हे त्यांनाच आधी कळायचं. भारतात शेवटची साथ १९९५ मध्ये आली आणि २०११ मध्ये सगळं जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. देवीनंतर माणसानं मुळापासून संपवलेला हा दुसराच रोग.

आता पाळी आहे पीपीआरची. शेळ्यामेंढ्यांना होणारा हा रोग म्हणजे बुळकांडीचा चुलतभाऊच. लस आहे, तो संपवायचं जागतिक लक्ष्य २०३० चं आहे.

पशुसंशोधनाचं भविष्य म्हटलं की आपल्याला जीन एडिटिंग, सेन्सर, एआय आठवतं. ते हवंच. पण दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगराच्या वाड्यावर लस वेळेत पोचेल का, हाही संशोधनाचाच प्रश्न आहे. तो मागं पडला तर काय होतं, हे बुळकांडीनं दाखवलंय.

भेटू पुढच्या भागात!