हंटिंग हॉर्न (मॉन्स्टर हंटर)

हंटिंग हॉर्न (जपानी नाव: शुऱ्योबुए, शब्दशः अर्थ 'शिकारीचा पावा') हे कॅपकॉम या जपानी कंपनीच्या मॉन्स्टर हंटर या व्हिडिओ गेम मालिकेतील एक शस्त्र आहे. जवळून प्रहार करणारे अवजड, बोथट हत्यार आणि वाद्य अशी त्याची दोन रूपे एकत्र आहेत. शस्त्राच्या प्रत्येक प्रहारातून एक स्वर निघतो, ठरावीक क्रमाने जुळलेल्या स्वरांची सुरावट होते आणि त्या सुरावटीच्या वादनाने वादकासह सहकारी शिकाऱ्यांना काही काळ विशेष लाभ मिळतात. त्यामुळे हंटिंग हॉर्नची गणना साहाय्यक शस्त्रांत होते. मात्र २०१० नंतरच्या आवृत्त्यांत वादन हे आक्रमणाचाच भाग झाले असल्याने केवळ साहाय्यासाठीचे शस्त्र ही त्याची ओळख अपुरी ठरते.

## पार्श्वभूमी

मॉन्स्टर हंटर मालिकेतील पहिला खेळ २००४ साली प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी प्रकाशित झाला. या मालिकेत खेळाडू शिकाऱ्याच्या भूमिकेत अजस्र श्वापदांची शिकार करतो आणि त्यांच्या अवयवांपासून नवी शस्त्रे व चिलखते घडवून घेतो. मोहीम एकट्याने किंवा जास्तीत जास्त चार जणांच्या गटाने पार पाडता येते. सर्वसाधारण मोहिमेत गटातील शिकारी मिळून तीनदा बेशुद्ध पडले की मोहीम अयशस्वी ठरते. म्हणजे एका सदस्याची चूक सर्वांना भोवते. या नियमामुळे सहकाऱ्यांचा बचाव व बळ वाढवणाऱ्या शस्त्राला गटात मोल प्राप्त होते.

## स्वरूप

नावात 'हॉर्न', म्हणजे शिंग, असले तरी या वर्गातील सर्व शस्त्रे शिंगाच्या आकाराची नसतात. बॅगपाइपसारखी दिसणारी शस्त्रेही त्यात आहेत आणि अनेक शस्त्रांचा आकार ज्या श्वापदाच्या अवयवांपासून ती बनतात त्यावर बेतलेला असतो. सर्व आकारांची वापरण्याची पद्धत सारखीच असते. लांब दांडा दोन्ही हातांनी धरून शस्त्र फिरवले जाते.

या शस्त्राचे बहुतांश प्रहार बोथट असतात. श्वापदाच्या डोक्यावर ते सातत्याने बसल्यास त्याला भोवळ येऊन ते काही क्षण जमिनीवर कोसळते. प्रत्येक भोवळीनंतर श्वापदाची सहनशक्ती वाढत असल्याने पुढची भोवळ आणणे अधिक कठीण होते. बोथट प्रहारांनी श्वापदाला थकवाही येतो. याउलट शेपूट तोडण्यासाठी तलवारीसारख्या धारदार शस्त्राची गरज असते. या बाबतीत हंटिंग हॉर्नचे हॅमर या शस्त्राशी साम्य आहे.

या शस्त्राने ढालीप्रमाणे प्रहार अडवता येत नाही. स्वसंरक्षणासाठी वादकाला जागा बदलणे आणि कोलांटी घेणे यांवर अवलंबून राहावे लागते.

## इतिहास

हंटिंग हॉर्नचा प्रथम समावेश १६ फेब्रुवारी २००६ रोजी जपानमध्ये प्रकाशित झालेल्या मॉन्स्टर हंटर २ या खेळात झाला. लाँग स्वर्ड, गनलान्स आणि बो ही शस्त्रेही त्याच खेळात नव्याने आली. तो खेळ जपानबाहेर प्रकाशित न झाल्याने इतर देशांतील खेळाडूंना या शस्त्राचा परिचय २००७ सालच्या मॉन्स्टर हंटर फ्रीडम २ मधून झाला. त्या काळात सुरावट वाजवण्यासाठी शिकाऱ्याला एका जागी थांबून वादनाचा पवित्रा घ्यावा लागे आणि स्वर एकेक करून वाजवावे लागत. तेवढा वेळ आक्रमण थांबत असे. साहाय्यासाठी बाजूला उभा राहणारा वादक ही या शस्त्राची प्रतिमा त्या काळात रूढ झाली.

२००९ सालच्या मॉन्स्टर हंटर ट्राय या खेळातून हंटिंग हॉर्न वगळण्यात आले. २०१० सालच्या मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड मध्ये ते परतले, तेव्हा त्याच्या रचनेत मूलभूत बदल झाला होता. स्वर आता थेट प्रहारांना जोडले गेले आणि सुरावटीची जुळणी श्वापदाशी लढता लढता करता येऊ लागली.

२०१८ सालच्या मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड मध्ये तीन सुरावटी रांगेत साठवून ठेवण्याची सोय झाली आणि २०१९ सालच्या आइसबोर्न या विस्तारात प्रतिध्वनीवर आधारित नवे स्वर व प्रहार आले. २०२१ सालच्या मॉन्स्टर हंटर राइझ मध्ये शस्त्राची पुनर्रचना झाली. त्यात प्रत्येक शस्त्राला तीनच सुरावटी असून एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवताच संबंधित लाभ मिळतो. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रकाशित झालेल्या मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स मध्ये सुरावटी साठवण्याची पद्धत परत आली. प्रतिध्वनीचे बुडबुडे जमिनीवर निर्माण करून त्यांच्या आत वादन केल्यास अधिक आघात होण्याची सोयही त्यात आहे.

## स्वर आणि सुरावटी

पारंपरिक रचनेत प्रत्येक शस्त्राला तीन स्वर असतात आणि ते रंगांनी दर्शवले जातात. पहिला स्वर पांढरा किंवा जांभळा असतो. उरलेले दोन स्वर लाल, निळा, हिरवा, पिवळा अशा रंगांपैकी असतात. कोणते तीन स्वर उपलब्ध आहेत यावरून त्या शस्त्राच्या सुरावटी ठरतात. म्हणून शस्त्र निवडताना त्याच्या आघातक्षमतेइतकाच सुरावटींच्या यादीचा विचार केला जातो.

सुरावटींचे स्थूलमानाने पुढील प्रकार पडतात:

* वादकापुरत्या सुरावटी: पहिला स्वर लागोपाठ दोनदा वाजवल्यास वादकाची शस्त्र उपसलेल्या अवस्थेतील हालचाल वेगवान होते. इतर सुरावटींच्या जुळणीला या वेगाची मदत होत असल्याने मोहिमेच्या आरंभी ही सुरावट प्रथम वाजवण्याचा प्रघात आहे.
* बलवर्धक सुरावटी: आक्रमण किंवा संरक्षण वाढवणाऱ्या.
* आरोग्यविषयक सुरावटी: जखमा भरून काढणाऱ्या, दमसास टिकवणाऱ्या किंवा विषबाधेसारख्या व्याधी दूर करणाऱ्या.
* प्रतिबंधक सुरावटी: श्वापदाची डरकाळी, पंखांचा वारा किंवा जमिनीचा हादरा यांचा परिणाम रोखणाऱ्या. एरवी डरकाळी ऐकताच शिकारी कान झाकून जागीच खिळतो. या सुरावटीमुळे त्याच क्षणी आक्रमण करता येते.
* विशेष सुरावटी: उदाहरणार्थ, तीव्र ध्वनिलहर निर्माण करणारी सुरावट. डायाब्लोससारखे वाळूत दडणारे आणि मोठ्या आवाजाने बिथरणारे श्वापद तिच्या साहाय्याने बाहेर काढता येते.

## वादनाची पद्धत

मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड मधील पद्धत प्रातिनिधिक मानता येईल. दोन बटणे आणि त्यांचा एकत्रित वापर यांतून तीन स्वर मिळतात आणि प्रत्येक स्वराबरोबर वेगळा प्रहार होतो. प्रहार श्वापदाला लागला नाही तरी स्वर नोंदला जातो. नोंदलेले स्वर पडद्यावरील स्वरपट्टीवर दिसतात. पट्टीवर चारच स्वर मावतात आणि पाचवा आला की सर्वांत जुना गळतो. सुरावट पूर्ण होताच ती रांगेत जाते व वादनाचे बटण दाबल्यावर प्रत्यक्ष वाजते. वादन हासुद्धा एक प्रहारच असतो. वादन संपताना तेच बटण पुन्हा दाबल्यास पुनर्वादन होऊन सुरावटीचा लाभ वाढतो, परंतु त्यासाठी शिकाऱ्याला आणखी काही क्षण एका जागी अडकून पडावे लागते.

या पद्धतीत तालाला महत्त्व नाही. स्वरांमधील कालांतर थोडे कमीजास्त झाले तरी सुरावट बिघडत नाही, क्रम मात्र अचूक लागतो. म्हणून हे शस्त्र आत्मसात करण्यासाठी संगीताच्या ज्ञानापेक्षा स्मरण आणि पूर्वनियोजन अधिक उपयोगी पडते.

## प्रभुत्वाचे घटक

प्रहार आणि स्वर यांचा मेळ. नवशिक्या खेळाडू बहुधा श्वापदापासून दूर जाऊन हवेत प्रहार करत सुरावट जुळवतो. अनुभवी खेळाडू सुरावटीला लागणारा पुढचा स्वर आणि त्या क्षणी योग्य ठरणारा प्रहार एकाच कृतीत साधतो. स्वर कोणता हवा ते सुरावट ठरवते. त्यामुळे प्रहार नेमका डोक्यावर बसावा यासाठी खेळाडूला स्वतःची जागा बदलावी लागते. या शस्त्राच्या अभ्यासातील सर्वांत अवघड भाग हाच आहे.

स्वरांची सामायिक गुंफण. एका सुरावटीचा शेवटचा स्वर पुढच्या सुरावटीचा पहिला स्वर म्हणून वापरता येतो. एखादी सुरावट पांढऱ्या स्वरावर संपत असेल, तर आणखी एका पांढऱ्या स्वराने हालचाल वेगवान करणारी सुरावटही पूर्ण होते. अशा गुंफणीमुळे प्रहारांची बचत होते.

साठवण आणि योग्य वेळ. श्वापद दुसऱ्या भागात निघून जात असताना मिळणाऱ्या उसंतीत सुरावटी साठवल्या जातात. ते कोसळले की साठवलेल्या सुरावटी त्याच्या डोक्याजवळ वाजवल्यास लाभ आणि आघात दोन्ही एकाच वेळी साधतात. पुनर्वादनासाठीही हीच वेळ सुरक्षित असते.

लाभांच्या मुदतीचे भान. प्रत्येक लाभ ठरावीक काळानंतर संपतो. तो संपण्यापूर्वीच सुरावट पुन्हा वाजवल्यास खंड पडत नाही. हॉर्न माएस्ट्रो या कौशल्याने ही मुदत वाढते, तर स्लगर या कौशल्याने भोवळ आणण्याची क्षमता वाढते.

गटातील स्थान. तलवारधारी शिकारी शेपटीकडे वळत असल्याने वादकासाठी डोक्याची बाजू मोकळी राहते. गटात हॅमरधारी असल्यास दोघांनी एकमेकांना अडथळा न आणता डोक्याभोवतीची जागा वाटून घ्यावी लागते.

## साहाय्य आणि आक्रमण यांतील समतोल

वादकाने किती लढावे आणि किती वाजवावे हा या शस्त्राविषयीच्या चर्चेतील मध्यवर्ती प्रश्न आहे. एका काल्पनिक हिशेबाने तो स्पष्ट होतो. चार शिकारी प्रत्येकी मिनिटाला १०० एकक आघात करतात आणि एका सुरावटीने सर्वांचा आघात १० टक्क्यांनी वाढतो असे समजू. वादक लढता लढता वाजवत असेल, तर गटाचा आघात ४०० वरून ४४० होतो. तो वादनासाठी मिनिटातील २० सेकंद बाजूला थांबत असेल, तर त्याचा स्वतःचा आघात सुमारे ७३ वर येतो, इतर तिघांचा ३३० होतो आणि एकूण बेरीज ४०३ भरते. म्हणजे सुरावटीचा जवळजवळ सर्व फायदा थांबण्यातच खर्ची पडतो. एकट्याने खेळताना तर अशा थांबण्याने उघड तोटा होतो. १०० ऐवजी केवळ ७३ एकक आघात पदरी पडतो.

या हिशेबात संरक्षण, आरोग्य आणि डरकाळीपासून बचाव यांचा समावेश नाही. त्यांचे मोल आघाताच्या एककांत मोजता येत नाही. तिसऱ्यांदा बेशुद्ध पडू पाहणारा सहकारी वेळेवर वाजलेल्या सुरावटीने वाचला, तर संपूर्ण मोहीम वाचते. अशा प्रसंगी आक्रमण सोडून वादन करणे योग्यच ठरते.

## रचनेविषयीचे मतभेद

राइझ मधील पुनर्रचनेविषयी खेळाडूंमध्ये दोन मते आढळतात. सुरावटी सहज वाजू लागल्याने नवख्यांसाठी शस्त्राचे दार उघडले आणि आक्रमणाचा वेग वाढला, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. स्वरांची जुळणी, साठवण आणि नेमकी वेळ साधण्याचे कसब हाच शस्त्राचा आत्मा होता व तो सुलभतेत हरवला, असे दुसरा पक्ष मानतो. वाइल्ड्स मध्ये साठवणीची पद्धत परतली, मात्र प्रहारातून स्वर निर्माण करण्याचे २०१० पासूनचे सूत्र या सर्व बदलांत कायम राहिले आहे.

## हे सुद्धा पहा

* मॉन्स्टर हंटर
* मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड
* कॅपकॉम