कोयनानगर : अरण्यातील एक गाव

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात, सह्याद्रीच्या अरण्याने वेढलेल्या खोऱ्यात कोयनानगर वसले आहे. महाबळेश्वरी उगम पावलेल्या कोयनेवर येथे १९६४ साली १०३ मीटर उंचीचे धरण पूर्ण झाले. शिवसागर जलाशयाखाली अनेक गावांची शेते-देवळे गेली. त्याच पाण्याची वीज मुंबईस मिळाली. शिवडी-परळच्या गिरण्यांत सातारा जिल्ह्यातीलच असंख्य हात राबत होते, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

दि. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. सुमारे पावणेदोनशे जीव गेले. हादरे मुंबईपर्यंत जाणवले. धरण मात्र टिकले, गावही पुन्हा उभे राहिले. दूरवर स्थलांतरित झालेल्या कित्येक धरणग्रस्तांचा जमिनीचा प्रश्न मात्र सहा दशकांनंतरही सुटलेला नाही.