पेशींचा कौल

शरीरक्रियाशास्त्र शिकवताना पेनफिल्डचा बुटका मी दरवर्षी फळ्यावर काढत असे: मेंदूत ज्या अवयवाची जागा मोठी, तो अवयव मोठा काढलेला माणूस. केवढाले हात, फुगलेले ओठ, पाय मात्र किरकोळ. मॉन्ट्रियलच्या या शल्यविशारदाने शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या उघड्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून कुठे काय हलतं ते नोंदवलं आणि १९३७ साली प्रसिद्ध केलं. मुलं ते चित्र जन्मात विसरत नाहीत, आणि माझी तक्रार तीच आहे. मेंदूत प्रत्येक बोटाचं एक बटण आहे, असा समज त्यातून पक्का होतो.

बटणाची कल्पना जुनी. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी चक्क हिट्झिगच्या घरी कुत्र्यांवर प्रयोग केले. विद्युतप्रवाह किती? जिभेच्या टोकाला जेमतेम जाणवेल इतका! मेंदूला तो लागला की विरुद्ध बाजूचा पंजा हलायचा. प्रयोग उत्तमच होता. पण बाहेरून वीज देऊन अवयव हलवणं वेगळं आणि प्राणी स्वतः हात पुढे करतो तेव्हा आत काय चालतं ते ऐकणं वेगळं.

ते ऐकलं जॉन्स हॉपकिन्समधल्या जॉर्जोपोलोस यांनी. माकड दांडा मधून आठ दिशांना सरकवायचं आणि इलेक्ट्रोड एकेका चेतापेशीचे ठोके मोजायचा. १९८२ साली छापलेला निष्कर्ष असा: बहुतेक पेशींची आपापली एक आवडती दिशा असते, पण शेजारच्या दिशांनाही त्या बोलतात, जरा हळू. एका पेशीवरून हात कुठे जाणार ते नेमकं कळत नाही. पुष्कळ पेशींचा कौल घेतला, ग्रामसभेत हात वर करून घेतात तसा, की दिशा निघते. मेंदूने चालवायच्या कृत्रिम हाताचं बरंचसं गणित या बेरजेवर उभं राहिलं.

त्याआधीच, १९६९ साली, सिअ‍ॅटलमध्ये फेट्झ यांनी माकडाला खाऊच्या आमिषाने एकाच पेशीचे ठोके वाढवायला शिकवलं होतं. या प्रयोगाला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळालं नाही, असं माझं मत. यंत्र मेंदूकडून शिकतं. मेंदूही यंत्राकडून शिकतो, हे त्यातच दिसलं होतं. २००८ साली पिट्सबर्गमध्ये श्वार्ट्झ यांची माकडं मनाने हलवलेल्या यांत्रिक हाताने खायला लागली, तेव्हा त्या हाताची बोटं चाटायचीसुद्धा!

माणसाची गोष्ट २०१२ सालच्या ‘नेचर’मध्ये आली. पक्षाघाताने हातपाय गेलेली एक बाई, मेंदूत ९६ इलेक्ट्रोडची चकती. जवळजवळ पंधरा वर्षं निकामी असलेल्या हाताच्या मेंदूतल्या पेशी हालचालीचा विचार केला की अजूनही ठोके देत होत्या. यांत्रिक हात टेबलावर कुठे न्यायचा ते त्या कौलावरून ठरे. कॉफीची बाटली तोंडाशी वळवायला मात्र मूठ आवळण्याचा एकच इशारा नेमून दिला होता. नळीने कॉफी पिणं तिला सहापैकी चार वेळा जमलं.