टप उतरवलेली मोटार आणि कुंपणाआडचा रस्ता

मोटारीच्या इतिहासात शोधकांची नावे आपण पुष्कळ ऐकतो. शर्यती जिंकणाऱ्या वीरांचीही ऐकतो. परंतु ज्याने काही शोधले नाही, काही जिंकले नाही, केवळ आपल्या पैशाने घेतलेली मोटार एकदा मनसोक्त पळवावी एवढीच हौस ज्याने बाळगली, त्या सामान्य माणसाचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः तोच अधिक उद्बोधक आहे. या हौशी माणसाच्या वेगाचे करायचे काय, हा प्रश्न समाजाला शंभर वर्षांहून अधिक काळ पडलेला आहे.

आज युरोप, अमेरिका, जपान येथे या प्रश्नाला मिळालेले उत्तर असे आहे. शर्यतीचा बंदिस्त मार्ग एका दिवसासाठी भाड्याने घेतला जातो, आणि ज्याला हौस आहे त्याने शुल्क भरून आपली रोजची मोटार तेथे आणावी व चालवावी. यालाच ‘ट्रॅक डे’ म्हणतात. तेथे विजेता नसतो, बक्षीस नसते. कित्येक ठिकाणी घड्याळ लावून वेळ मोजण्यासही मनाई असते, कारण वेळ मोजली की शर्यत आली आणि शर्यत आली की विम्याचा प्रश्न आला. पुढच्याने हात दाखवून वाट दिल्यावाचून त्याच्या पुढे जायचे नाही, असाही दंडक पुष्कळ ठिकाणी असतो. मात्र उघडी, दुमडत्या टपाची मोटार घेऊन कोणी आला, तर दारावरचा तपासनीस त्याच्याकडे जरा अधिक बारकाईने पाहतो. तो का पाहतो, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागेल.

उघडी मोटार ही मूळची घोडागाडीची लेक. ‘कॅब्रिओले’ म्हणजे दुमडता टप असलेली एका घोड्याची दुचाकी गाडी. ‘रोडस्टर’ म्हणजे तर रस्त्यावरच्या प्रवासाचा घोडाच. मुंबईच्या व्हिक्टोरियाचा टप ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे नाते वेगळे सांगायला नको. पहिल्या मोटारी सर्रास उघड्याच होत्या, आणि त्या धावत होत्या ते रस्ते बैलगाड्यांचे, मेंढरांचे आणि मुलांचे होते.

त्या धावण्याचा हिशेब २४ मे १९०३ रोजी झाला. पॅरिसहून माद्रिदला जाणारी शर्यत त्या दिवशी पहाटे व्हर्सायहून सुटली. दोनशेंवर वाहने, कोरड्या हवेतली धूळ, आणि दुतर्फा, किंबहुना रस्त्यातच, उभी असलेली बेसुमार गर्दी. फेर्नां गाब्रिएलने मोर्स मोटारीतून बोर्दोपर्यंतचे सुमारे साडेपाचशे किलोमीटर अंतर ताशी शंभराहून अधिक किलोमीटरच्या सरासरीने कापले. परंतु वाटेत चालक, मदतनीस आणि प्रेक्षक मिळून कित्येक माणसे मेली. मार्सेल रेनो धुळीत आंधळा होऊन कोसळला आणि दोन दिवसांनी वारला. त्याचा भाऊ लुई याने पुन्हा शर्यतीत भाग घेतला नाही. फ्रेंच सरकारने शर्यत बोर्दोलाच थांबवली. स्पेनची हद्द कोणी पाहिली नाही.

इंग्लंडातील अडचण निराळी होती. तेथे सार्वजनिक रस्ता शर्यतीसाठी बंद करण्याची सोय नव्हती, आणि १९०३ च्या कायद्याने वेगाची मर्यादा ताशी वीस मैलांवर बांधली होती. मग वेगवान मोटार बांधायची तरी कशी आणि तपासायची तरी कोठे? ह्यू लॉक किंग नावाच्या एका जमीनदाराने सरे परगण्यात, वेब्रिज गावाजवळ, स्वतःच्या जमिनीवर १९०७ साली ब्रुकलँड्सचा मार्ग बांधला. सुमारे पावणेतीन मैलांचा घेर, शंभर फूट रुंदी आणि वळणावर जवळजवळ तीस फूट उंच चढलेली काँक्रीटची भिंतवजा उतरण. याला दीड लाख पौंडांच्या आसपास खर्च आला आणि लॉक किंगची प्रकृती व तिजोरी दोन्ही ढासळली. तेव्हा त्याची पत्नी एथेल हिने सारा कारभार हाती घेऊन काम तडीस नेले, आणि उद्घाटनाच्या दिवशी मोटारींच्या मिरवणुकीत आघाडीची मोटार तिने स्वतः चालवली. ब्रुकलँड्सचे श्रेय नवऱ्याच्या नावावर मांडले गेले आहे. मला ते निम्म्याहून अधिक तिचे वाटते.

मोटारशर्यतीचे नियम अजून कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून ते घोड्यांच्या शर्यतीतून उचलले गेले. चालक अंकांऐवजी जॉकीसारखे रंगीत अंगरखे घालत. मोटारी उभ्या करण्याच्या आवाराला घोड्यांच्या आवाराचेच ‘पॅडॉक’ हे नाव मिळाले, आणि ते आजतागायत टिकले आहे. शर्यत नसेल त्या दिवशी साधा मोटारमालकही पैसे भरून तेथे गाडी पळवू शके. ट्रॅक डेचे बीज येथे आहे. आसपासच्या रहिवाशांना मात्र हे सुख मानवले नाही. त्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या, आणि रात्री मोटारी चालवण्यास तेथे बंदी राहिली. १९२९ साली चोवीस तासांची शर्यत घ्यायची ठरली तेव्हा ती बारा-बारा तासांचे दोन दिवस करून घ्यावी लागली. मधल्या रात्री मोटारी कुलपात!

कुंपण घातल्याने मरण संपले, असे मात्र कोणी समजू नये. पर्सी लँबर्टने फेब्रुवारी १९१३ मध्ये एका तासात शंभर मैलांहून अधिक अंतर तोडले, असे करणारा तो पहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच मार्गावर मागचे टायर फुटून तो गेला. फरक एवढाच पडला की रस्त्याच्या कडेला खेळणारे पोर आता त्याच्याबरोबर जाणार नव्हते. हा फरक लहान नाही.

जर्मनीत आयफेलच्या डोंगराळ, गरीब भागात बेकारांच्या हातांना काम देण्यासाठी बांधलेला न्यूरबुर्गरिंग जून १९२७ मध्ये खुला झाला. त्याचा मोठा उत्तरेकडचा फेरा आजही, शर्यती नसतील तेव्हा, जकात भरून कोणालाही चालवता येतो. तो कायद्याच्या दृष्टीने एकेरी वाहतुकीचा रस्ताच मानला जातो. सुमारे एकवीस किलोमीटर, जंगलातून चढणारा-उतरणारा. एका गरीब तालुक्याची ही जकात कुतूहलाने पाहण्याजोगी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी माणसाचे खरे युग आले. इंग्लंडातून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी एम. जी. कंपनीच्या लहानग्या, उघड्या मोटारी पाहिल्या होत्या. १९४५ ते १९४९ या काळात निघालेल्या ‘टी. सी.’ या नमुन्याच्या जेमतेम दहा हजार मोटारी झाल्या, पण त्यांतल्या ज्या अमेरिकेत पोहोचल्या त्यांनी तेथे एक वेडच लावले. मालकाने सकाळी तीच मोटार चालवत मैदानावर यावे, पुढची काच आडवी पाडावी, दिव्यांच्या काचांवर पट्ट्या चिकटवाव्या, दारावर अंक लिहावा, धावावे आणि संध्याकाळी त्याच मोटारीतून घरी जावे.

२ ऑक्टोबर १९४८ या एकाच दिवशी दोन ठिकाणी या युगाची नांदी झाली. इंग्लंडात सिल्व्हरस्टोनच्या सोडून दिलेल्या लष्करी विमानतळावर, आणि न्यूयॉर्क राज्यात वॉटकिन्स ग्लेन या गावाच्या चक्क रस्त्यांवर. या दुसऱ्या मार्गावर रेल्वेचे रूळही ओलांडावे लागत. १९५२ साली तेथे फूटपाथवर बसलेला सात वर्षांचा एक मुलगा मोटारीच्या धडकेने मेला. पॅरिस-माद्रिदच्या धुळीने जे शिकवले होते, ते एकोणपन्नास वर्षांनी पुन्हा शिकावे लागले. शर्यत गावाबाहेर गेली आणि १९५६ साली तेथे बंदिस्त मार्ग झाला. मधल्या काळात अमेरिकी हवाईदलाच्या तळांवरही शर्यती भरल्या. आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर मोटारशर्यती पुढे अनेक वर्षे झाल्या. रणांगणाने मागे ठेवलेले सपाट काँक्रीट हौशी लोकांच्या कामी आले.

आता आपण त्या तपासनीसाकडे येऊ. रस्त्यावरच्या लोकांची काळजी कुंपणाने वाहिली. उरला तो चालकाचा स्वतःचा माथा. बंद मोटार उलटली तर छप्पर काही भार घेते. उघड्या मोटारीत तो भार घेणारी वस्तू म्हणजे चालकाचे मस्तक. म्हणूनच त्या काळचे बहुतेक चालक पट्टा बांधत नसत. उलटताना बाहेर फेकले गेलेले बरे, मोटारीखाली वा आगीत अडकणे नको, असा त्यांचा हिशेब होता. आपल्याला तो वेडेपणा वाटतो. परंतु मस्तकामागे पोलादी कमान नसताना पट्टा बांधणे म्हणजे उलटलेल्या मोटारीखाली स्वतःला जखडून घेणे, हे त्यांना बरोबर कळले होते. पट्टा आणि कमान ही जोडी आहे. एक घेऊन दुसरी सोडता येत नाही, आणि हे नियमांत उतरायला बरीच वर्षे जावी लागली.

मध्यंतरी उघडी मोटार नाहीशीच होणार असे वाटले. सुरक्षिततेचे कडक कायदे येणार या अपेक्षेने अमेरिकी कारखान्यांनी ती सोडली, आणि १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो अमेरिकेतली शेवटची म्हणून गाजावाजा करून विकली गेली. ती शेवटची ठरली नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जपानच्या माझ्दा कंपनीने ‘एम. एक्स. ५’ मांडली. दोन आसने, हाताने दुमडायचा कापडी टप, हजार किलोंच्या आत वजन, बेताची किंमत. एप्रिल २०१६ पर्यंत अशा दहा लाख मोटारी निघाल्या, आणि ट्रॅक डेला हौशी मंडळी ज्या मोटारी आणतात त्यांत ही हटकून असते.

या मोटारीच्या आसनांमागे पोलादी कमान बोल्टांनी पक्की करतात. टप तिच्यावरून मिटतो. मग तपासणी होते ती अशी: चालक शिरस्त्राण घालून, पट्टा बांधून आसनावर बसतो. तपासनीस एक सरळ काठी, बहुधा झाडूचा दांडाच, कमानीच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत टेकवतो. मोटार उलटली तर जमीन नेमकी या रेषेवर येणार. शिरस्त्राण रेषेच्या खाली राहिले तर वाट मोकळी. काठीला लागले तर मालकाने परत जावे, मग मोटार कितीही महाग असो. इतकी स्वस्त आणि इतकी निःपक्षपाती परीक्षा मोटारीच्या जगात दुसरी नसेल.

उंच माणसे येथे वारंवार नापास होतात. मग ती आसनाची गादी उसवतात, आतला फोम कापून काढतात, आसन थेट तळाच्या पत्र्याला टेकवतात, आणि बोटभर जागा मिळाली की पुन्हा दांड्याखाली येऊन बसतात.